वॉर्सातून रविवारची सहल: न्येबोरुफचा महाल, अर्काद्याची बाग की दुसरं काही?

गवतीचहा
पुढच्या आठवड्यात सासूबाई वॉर्साला येताहेत. रविवारी आम्हा तिघांना जुना सरदारी महाल आणि त्याची बाग बघायची आहे. त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालतात, जिना मात्र त्रासाचा. आमच्याकडे गाडी नाही. रेल्वेभाडं सोडून २५० झ्वोतींत भागवायचंय. न्येबोरुफ आणि अर्काद्या एका दिवसात होतील का? शाकाहारी आहोत.

कडीपत्ता
एवढ्या लांब आलाच आहात तर वान्त्सुत सोडू नका. १६२९ ते १६४२ मध्ये लुबोमिर्स्कींनी बांधून घेतलेला वाडा, मागाहून पोतोत्स्कींचा. बग्गीखान्यातल्या बग्ग्या बघायलाच अर्धा दिवस लागतो. ऑर्किडचं काचघर वेगळं. जवळच्या झेशुफ शहरात दोन रात्री राहा.

नदीकाठ
त्यांनी एक दिवस म्हटलंय हो. वान्त्सुत पोलंडच्या आग्नेय टोकाला, जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल.

गवतीचहा, दोन्ही एका दिवसात होतं. वॉर्साहून वोविचची लोकल पकडा, साधारण तासभर. पाटीवर पहिलं अक्षर आडवी रेघ मारलेलं इंग्रजी 'एल' दिसेल, त्याचा उच्चार 'व'. उतरायचं ते वोविच गुव्नीला. शहरात दुसरंही स्टेशन आहे, तिकिटावरचं नाव नीट बघा. तिथून स्क्येर्न्येवित्सेच्या रस्त्यावर चारेक किलोमीटरवर अर्काद्या, पुढे तेवढ्याच अंतरावर न्येबोरुफ.

अडचण बसची. थांब्यावरच्या वेळापत्रकात प्रत्येक वेळेला बारीक अक्षर चिकटलेलं असतं, ते न वाचता लोक बसची वाट बघत बसतात. 'डी' म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सण सोडून. 'एस' म्हणजे शाळा असेल त्याच दिवशी. 'सी' म्हणजे शनिवार, रविवार आणि सण. अधिकचं चिन्ह असेल तर फक्त रविवार आणि सण. तुमचा रविवार आहे, म्हणजे 'सी' किंवा अधिक असलेल्या वेळाच तुमच्या कामाच्या. नाहीतर स्टेशनवरून टॅक्सी, आणि परतीची वेळ चालकाशी उतरतानाच ठरवा. बागेच्या दारात टॅक्सी उभी नसते.

उंबरा
सासूबाईंना न्येबोरुफचा महाल आतून दाखवायचा असेल तर आधी जिन्याचा विचार करा. मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत. पण तो जिनाच तिथलं सर्वांत देखणं काम! भिंती आणि वरचं छत, सगळं डच फरशांनी मढवलेलं, हातानं रंगवलेल्या चौकोनी फरशा, निळ्या आणि तपकिरी. शेजारशेजारच्या दोन फरशा बघा, एकीवर झाड, दुसरीवर होडी. वर ग्रंथालयात व्हेनिसच्या कोरोनेल्ली या नकाशाकाराचे दोन मोठे गोल आहेत, एक पृथ्वीचा, एक आकाशाचा. १७७४ मध्ये राजिविव घराण्यानं हा महाल घेतला. मूळ वास्तू त्याआधीची, सतराव्या शतकाच्या शेवटची, वास्तुकार तिल्मान फान खामेरनची.

सतरंजी
जिना नको तर विलानुफ! वॉर्सातच आहे, शहराच्या मध्यातून १८० नंबरची बस थेट जाते. पोलंडचा राजा यान सोबिएस्कीचा महाल. १६७४ मध्ये इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला, तिकडे त्याच वर्षी सोबिएस्की राजा झाला. मराठी माणसानं तर बघायलाच हवा.

नदीकाठ
१६७४ मध्ये निवड झाली, राज्याभिषेक १६७६ चा.

सतरंजी
मी राज्याभिषेक म्हटलेलंच नाही, 'राजा झाला' म्हटलं. आणि विलानुफ जवळ आहे हा मुद्दा तसाच राहतो.

दगडफूल
जवळ आहे म्हणून गर्दीही आहे. शांतता हवी तर अर्काद्याच. पण न्येबोरुफचा महाल बघितल्याशिवाय अर्काद्याला जाऊ नये असं माझं मत. ज्या हेलेना राजिविवनं १७७८ मध्ये ही बाग सुरू केली, तिचं घर बघून मगच बाग कळते.

बागेत शिरल्यावर तळ्याकाठचं रोमन देवी डायनाचं मंदिर (१७८३). आत जायला मिळालं तर मान वर करा, छतावर नोर्ब्लँ या चित्रकारानं पहाट रंगवलीय. पुढे 'महापुरोहिताचं स्थान' नावाची वास्तू. त्यात वोविचच्या पडक्या किल्ल्यातले कोरीव दगड आणून बसवलेत, म्हणून जुळता न जुळता दिसतात. भिंतींतला तपकिरी, भोकाभोकांचा दगड हातानं चाचपून बघा. दलदलीत साचलेल्या लोहाचा दगड तो. कोकणातल्या माणसाला जांभ्याची आठवण होईल, लोहच दोन्हींतलं.

वाटा मातीच्या आहेत, झाडांची मुळं वर आलेली. पावसानंतर दुसऱ्या दिवशीही चिखल असतो. सासूबाईंच्या चपलेला मागे पट्टा हवा, काठी बरोबर असू द्या.

कडीपत्ता
एवढं सगळं करण्यापेक्षा चालकासह गाडी दिवसभरासाठी घ्या. महाल आणि बाग दोन्ही आरामात.

उंबरा
२५० मध्ये ती बसत नाही, कडीपत्ता.

नदीकाठ
दोन गोष्टी राहिल्या. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, डबा आणि पाणी शनिवारीच घ्या. जेवायला पिएरोगी रुस्क्ये मागवा, आत बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज असतं. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. मागवतानाच "बेझ स्क्फारेक" म्हणा. झुरेक सूप नको, त्यात सॉसेज असतं.

आणि गवतात बसलात तर गोचीड. पँटचं टोक मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल-तूप लावू नका, त्यानं काम बिघडतं.

गवतीचहा
सर्वांचे मनापासून आभार. न्येबोरुफचा जिना आणि विलानुफ, दोन्ही यावेळी नाही. फक्त अर्काद्या. सकाळी वोविचहून टॅक्सी, दोन तास तळ्याकाठी, परतीला वोविचचा तिकोनी चौक आणि पिएरोगी.

दगडफूल, महाल बघूनच बाग कळते हे पटतंय. पण सासूबाई देवगडच्या आहेत, जांभ्याचं सांगितल्यावर आत्तापासून त्या दगडाबद्दल विचारताहेत. फरशांचा जिना त्यांना फोटोतच दाखवेन. मी नंतर एकटी जाऊन येईन.