मदत हवी आहे: कुणाचं एखादं वाक्य रात्रभर डोक्यात फिरत राहतं

दिवसा कुणी तुटक बोललं किंवा व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही, की अंथरुणाला पाठ टेकताच सुरू होतं: "मी असं का बोलले? तिला राग आला असेल का?" नामस्मरणाने पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वहीत लिहिलं तर उलट वाढतं. नेमकं काय करावं, किती वेळ?

प्रतिसाद १
आधी विचार घालवायची धडपड सोडा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, तर अस्वल येतच राहिलं. म्हणून विचाराला वेळ नेमून द्यायची. संध्याकाळी साडेसहा ते सात, रोज एकाच खुर्चीत, पलंगावर नको. दिवसभरात विचार आला की चिठ्ठीवर तीनच शब्द लिहायचे, "साडेसहाला बघू" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. सुरुवातीला पन्नासदा वळावं लागतं, त्याने नाउमेद होऊ नका. साडेसहापर्यंत बऱ्याच गोष्टी शिळ्या होतात, त्या खोडायच्या. सातचा गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. दोन आठवडे न चुकता करून बघा.

प्रतिसाद २
वहीने त्रास वाढतो, कारण तिच्यात "का" लिहिलं जातं. "मी अशीच का?" याला उत्तरच नाही, त्यातून पुढचा "का" निघतो. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांनी दिसलेलं, कानांनी ऐकलेलं: "ती ‘बरं’ म्हणाली, फोन ठेवला." उजवीकडे आपला अंदाज: "रागावली." खाली एकच ओळ: उद्या माझ्या हातात काय आहे? असेल तर वेळेसकट लिहा ("अकरा वाजता फोन"), नसेल तर "काही नाही" लिहून पान उलटा.

आणि "रागावलीस का?" हे एकदाच विचारा. दुसऱ्यांदा विचारलं की तासभर हायसं वाटतं, मग तिसऱ्यांदा विचारावंसं वाटतं. हळव्या माणसांचा सगळ्यात मोठा सापळा हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद ३
साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घाला, लसूण सोला. डोळे जड झाले की परत आडवं व्हा. घड्याळ बघू नका. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. कॅफीनचा अंमल बरेच तास राहतो.

छातीत धडधड, हात थरथरणं असेल तर थायरॉइड तपासून घ्या. कामावर, जेवणावर परिणाम होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटला तर थांबूच नका: टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन), १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

धागाकर्ती
चिठ्ठी मोबाइलवर लिहिली तर चालेल?

प्रतिसाद १
कागदच घ्या. मोबाइल उघडला की आधी निळ्या टिकाच बघितल्या जातात.