शब्दचर्चा: ‘डर्टी पेज’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) ‘डर्टी काउ’ या दोषावर मी टिपण लिहीत आहे. मसुद्यात ‘डर्टी पेज’ला ‘मळकट पान’ म्हटले असून शीर्षकात ‘घाणेरडी गाय’ आली आहे. हे योग्य आहे का?

उत्तर: गायीला यातून मोकळे करावे, ‘काउ’ ही ‘कॉपी ऑन राइट’ची आद्याक्षरे आहेत. मेमरीचे एकच पान (ठरावीक आकाराचा तुकडा) अनेक प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) वाचण्यापुरते सामायिक ठेवायचे आणि कोणी लिहू लागल्यावरच त्याला वेगळी प्रत करून द्यायची, अशी ती काटकसर आहे. ‘लिहितेवेळी नक्कल’ पुरेसे आहे. सातबाऱ्याचीही आपण नक्कलच काढतो.

‘मळकट’ म्हटल्यावर मात्र पान खराब झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मेमरीतला मजकूर बदललेला असतो आणि तो डिस्कवर उतरायचा राहिलेला असतो, एवढेच. कीर्दीत नोंद झाली पण खतावणी राहिली, अशी ही स्थिती असल्यामुळे मी ‘खतावणी बाकी असलेले पान’ म्हणेन.

प्रतिसाद: उपमा सुरेख आहे, पण नेमकी याच दोषाच्या दुरुस्तीत ती टिकत नाही. फाइलच्या केवळ वाचनीय पानावर लिहिण्याची मागणी आली की कर्नल खासगी नक्कल करी आणि ‘लिहायचे आहे’ ही मागणीतली खूण काढून टाकून पुन्हा पान शोधू लागे. तेवढ्या अवधीत त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) ‘एमअ‍ॅडव्हाइज’ (‘ही मेमरी आता नको’ असे कर्नलला कळवू शकणारी आज्ञा) वापरून ती नक्कल टाकून दिली, तर शोधात मूळ पानच हाती येई आणि लेखन थेट त्यावर होई. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासूनचा हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी दुरुस्त केला. (त्यांचाच २००५ चा प्रयत्न मागे घ्यावा लागला होता.) त्या दुरुस्तीनंतर लेखनाची खूण काढली जात नसे, ‘नक्कल झाली’ अशी वेगळी खूण (ती २०२२ मध्ये काढून टाकली) जोडली जाई आणि पान ‘डर्टी’ असेल तरच ती मानली जाई. येथे ‘डर्टी’ म्हणजे नक्कल अजून जागेवर असल्याचा पुरावा. त्या नकलेची खतावणी मूळ फाइलमध्ये कधीच व्हायची नसते, मग बाकी कसली?

उत्तर: मान्य. मग ‘बदललेले पान’ म्हणावे का?

प्रतिसाद: तेही पुरत नाही. २०१७ मध्ये आढळले की ‘ह्यूज पेज’च्या (नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या पानाच्या) बाबतीत पान नुसते वाचण्यासाठी पाहिले तरी ‘डर्टी’ची खूण उमटत होती, त्यामुळे वरचा पुरावा खोटा ठरून आदल्या वर्षीची दुरुस्ती तेथे अपुरी पडली. पान बदललेले नव्हते, खूण मात्र होती. म्हणून शब्द पानाच्या स्थितीला न देता खुणेला द्यावा: ‘बदल-खूण’, आणि ‘डर्टी पेज’ म्हणजे ‘बदल-खूण असलेले पान’. लांबट आहे, पण खोटे बोलत नाही.

प्रश्नकर्ता: मजकुरात ‘बदल-खूण’ घेत आहे. शीर्षकात ‘डर्टी काउ’ हे विशेषनाम म्हणून तसेच ठेवतो.