हॅरिएट जेकब्जला पैसे मोजून सोडवलं, ते योग्य होतं का?

पाणवठा: अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट जेकब्जचं आत्मकथन (1861) वाचलं आणि शेवटच्या पानांपाशी अडकले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनमध्ये मालकाच्या वासनेतून सुटण्यासाठी ही बाई जवळपास सात वर्षं आजीच्या घरातल्या माळ्यावर लपून राहिली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची जेमतेम तीन फूट. गिरमिटाने भोकं पाडून खाली स्वतःची मुलं बघायची, पण हाक मारायची नाही! 1842 मध्ये ती गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत पळाली. 1852 मध्ये, ती जिच्या घरी कामाला होती त्या कॉर्नेलिया विलिसने मालकाच्या जावयाला 300 डॉलर देऊन तिला सोडवलं. जेकब्जने आधी साफ नकार दिला होता. न्यूयॉर्कसारख्या शहरात आपल्या नावाचं खरेदीखत व्हावं, हे तिला फार लागलं. माझ्या मते ते पैसे द्यायलाच नको होते.

सह्यकडा: अहो ताई, मग करायचं काय होतं? 1850 च्या कायद्याने पळालेला गुलाम उत्तरेतूनही धरून नेता येत होता, आणि जावई न्यूयॉर्कच्या हॉटेलात येऊन बसलेला. जेकब्ज तिथून पळताना विलिसने तर तिच्या हाती स्वतःचं तान्हं बाळ दिलं. का, तर ती पकडली गेली तर बाळ आईकडे आणून द्यावं लागेल, आणि आईला खबर लागेल. इतकी जोखीम कोण घेतं हो? सुटकेनंतर आगगाडीत तोंडावरचा बुरखा बाजूला सारून लोकांकडे बघता आलं, हेही जेकब्जनेच लिहिलंय.

पाणवठा: विलिसच्या माणुसकीबद्दल मला आदरच आहे. पण जिचं आयुष्य, तिचा नकार डावलून व्यवहार झाला. चांगल्या हेतूने झाला तरी निर्णय दुसऱ्याचाच.

तिन्हीसांज: गुलामगिरीतून पळून तिच्याविरुद्ध भाषणं देणाऱ्या फ्रेडरिक डग्लसलाही 1846 मध्ये इंग्लंडमधल्या मित्रांनी 150 पौंड भरून सोडवलं. गुलामगिरीविरोधी मंडळीच त्याच्यावर तुटून पडली, की यातून मालकाचा हक्क मान्य होतो. त्याने जाहीरपणे त्या व्यवहाराची बाजू घेतली. आणि जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मदत करणाऱ्यांचे आभार मानण्यात कसला कमीपणा?

पाणवठा: जोतीरावांनी आभार मानले ते गुलामी मोडणाऱ्यांचे. 300 डॉलरने एक बाई सुटली, पण जावयाच्या खिशात पैसे गेले आणि त्याचा हक्क कागदावर पक्का झाला. डग्लसने समर्थन केलं हे मान्य. पण जेकब्जने विलिसवर माया ठेवूनही त्या पैशांबद्दलचा संताप लिहून ठेवला. तिच्या बाबतीत मी तिचंच म्हणणं धरणार.

सह्यकडा: धरा. मी मात्र पैसे मोजायला तयार झालो असतो, तिने मला आयुष्यभर बोल लावला असता तरी.