प्रारूप नियमावली : पार्किंगच्या कलमावर हरकत

अ-३०४ : बांधकामाच्या प्रारूप नियमावलीवर आपण हरकती पाठवतोय. त्यांच्या मसुद्यातून पार्किंगचं कलम वगळावं असं काहींचं म्हणणं आहे. उलट परवडणाऱ्या घरांचा खरा अडसर तिथेच आहे. 'घरटी एक गाडी', म्हणजे प्रत्येक घरामागे एका गाडीची जागा बांधायची, ही अट ३० चौ.मी.च्या घराला आणि १०० चौ.मी.च्या घराला सारखीच लागते. मग लहान घरं बांधणार कोण?

ब-१०२ : पण एका गाडीला अशी किती जागा लागते? पट्टे तर २.५ बाय ५ मीटरचेच मारतात.

अ-३०४ : ताई, ती फक्त गाडी उभी राहण्यापुरती, १२.५ चौ.मी. दोन्ही बाजूंना गाड्या आणि मधे ६ मीटरची वाट धरली की रुंदी झाली १६ मीटर. दर अडीच मीटरला दोन गाड्या, म्हणजे गाडीमागे २० चौ.मी. त्यात रॅम्प, कॉलम, जिना, लिफ्ट, पंपरूम धरा. २८-३० सहज होतात. लहान घराएवढीच जागा त्याच्या गाडीला.

क-६०१ : शिवाय हा खर्च हळूहळू वाढत नाही, एकदम उडी मारतो. समजा एका बेसमेंटमध्ये ४० गाड्या बसतात. ४१ वं घर काढलं की दुसरं बेसमेंट आलं : खोल खोदकामाला आधारभिंत, पाण्याचा उपसा, खालून रेटणाऱ्या पाण्यासाठी जाड राफ्ट (तळाचा सलग स्लॅब), वॉटरप्रूफिंग, हवेसाठी पंखे. एका घरासाठी हे कुणी करत नाही. बिल्डर ४० वर थांबतो आणि उरलेलं चटई क्षेत्र (प्लॉटवर बांधायला मिळणारं एकूण क्षेत्र) घरं मोठी करण्यात घालवतो. अमेरिकेत ओकलंड शहराने १९६१ मध्ये घरटी एक गाडीची अट घातली. नंतरच्या पाहणीत घरामागचा बांधकाम खर्च १८ टक्क्यांनी वाढलेला आणि घरांची घनता ३० टक्क्यांनी घटलेली आढळली.

ब-१०२ : अट काढली तर गाड्या रस्त्यावर येतील त्याचं काय? आगीचा बंब आत शिरणार नाही.

अ-३०४ : भीती रास्त आहे, म्हणूनच क्रम चुकवायचा नाही. आधी रस्त्यावर रात्री गाडी लावायला परवाना आणि शुल्क, बंबाच्या वाटेवर पूर्ण मनाई. त्यानंतर किमान अट रद्द. जपानमध्ये जबाबदारी गाडीवाल्यावर आहे : गाडी ठेवायची जागा दोन किलोमीटरच्या आत आहे हे सिद्ध करावं लागतं. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये 'किमान इतक्या गाड्या'ऐवजी 'कमाल इतक्याच' असा नियम केला. दिव्यांगांच्या रुंद जागांची अट मात्र कायम ठेवायची, त्यात तडजोड नको.

क-६०१ : आणि पार्किंग घराच्या किमतीत मिसळू द्यायचं नाही. वेगळं भाडं, वेगळी पावती. नाहीतर गाडी नसलेलाही पैसे भरतो.

ड-२०५ : 'स्टॅक लावा, जागा वाचेल' ही पळवाटही बंद करा. स्टॅक म्हणजे एकावर एक गाडी ठेवणारं यंत्र. दुमजली स्टॅकमध्ये वरची गाडी उतरवायला आधी खालची काढावी लागते. दोन्ही एकाच घरच्या असतील तर चालतं, नाहीतर सकाळी साडेआठला भांडण. पझल पार्किंगमध्ये, म्हणजे यंत्राने गाड्या आडव्या-उभ्या हलवणाऱ्या खणांच्या चौकटीत, गाड्या सरकवायला काही खण कायम रिकामे ठेवावे लागतात. वीज गेली की जनरेटर. साखळ्या, मोटर, सेन्सर यांची देखभाल मेन्टेनन्सच्या बिलात येते, आणि कमी उत्पन्नाच्या इमारतीत तेच बिल आधी थकतं. मग यंत्र बंद आणि गाड्या रस्त्यावर.

क-६०१ : पोडियम, म्हणजे घरांखालचे पार्किंगचे मजले, बांधायचाच असेल तर पुढे घरं करता येतील असा बांधा, हेही कलमात घालू. मजले सपाट हवेत. अनेक ठिकाणी उतरत्या मजल्यावरच गाड्या लावतात. तिथे पुढे घर होत नाही. रॅम्प एका बाजूला, पाडता येईल असा. गाड्यांना २.१ ते २.४ मीटर मोकळी उंची पुरते, पण घरासाठी मजल्यापासून मजल्यापर्यंत ३ मीटर तरी ठेवा. रुंदी एका वाटेची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांची, म्हणजे १६ मीटर, असेल तर दोन्हीकडून उजेड येतो. असे दोन पट्टे शेजारी जोडले की मधला भाग अंधारा. ड्रेनेजच्या शाफ्टची (उभ्या पाइपांच्या पोकळीची) जागा आत्ताच सोडायची. वजन सहसा आड येत नाही, फक्त भिंतींचा भार डिझाइनमध्ये आधी धरलेला हवा.

अ-३०४ : यातली खरी मेख चटई क्षेत्राची. पार्किंगचे मजले त्यात धरत नसतील, तर त्यांची घरं करताना तेवढं चटई क्षेत्र आणणार कुठून? इमारत तयार, नियम आडवा. म्हणून वाक्य असं घालतो : 'पार्किंगचा मजला परवडणाऱ्या घरांत बदलल्यास ते क्षेत्र चटई क्षेत्रात मोजू नये, मात्र ती घरं कायम त्याच वर्गात राहावीत.'

ब-१०२ : 'कायम'च्या जागी वर्षं घाला, नाहीतर वकील ते वाक्य फोडतील. बाकी मसुद्याला माझी संमती.