आठ चिनी सिद्धांचा पोर्सेलिन संच घ्यावा का? सल्ला हवा

प्राजक्त_सिंगापूर:
बाबांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. इथे एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दाओ पंथातल्या आठ अमर सिद्धांचा रंगीत संच पाहिला, प्रत्येक मूर्ती वीतभर उंच. वाढदिवसाला हीच भेट शुभ, असं दुकानदार म्हणाला. पण त्यात एक उंच कपाळाचा, टक्कल पडलेला म्हातारा आहे, हातात पीच. आणखी एकाची मूठ रिकामीच आहे. कोण कोण आहेत, कसं ओळखायचं?

नीलमोहर:
पीचवाला आठांपैकी नाहीच. तो शौशिंग, दीर्घायुष्याचा देव. आठांसोबत नववा म्हणून ठेवतात. तुमच्या संचात त्याला धरून आठ होत असतील, तर एक सिद्ध गायब आहे.

मातीकाम:
चेहरे पाहू नका, हात पाहा. ली तिएग्वाईकडे लोखंडी कुबडी आणि औषधाचा तुंबा. त्याचा आत्मा देह सोडून प्रवासाला गेला होता, शिष्याने तो देह वेळेआधीच जाळला, म्हणून परतल्यावर त्याला लंगड्या भिकाऱ्याच्या शरीरात शिरावं लागलं. मला हीच मूर्ती सगळ्यात आवडते, कारण तुंबा दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी आहे. ल्यू डोंगबिनच्या पाठीवर तलवार. उघड्या पोटाचा झोंगली च्युआन, त्याच्या पंख्याने मेलेले जिवंत होतात. 'हे श्यानगू' नावाच्या स्त्रीकडे कमळ, हान श्यांगझीकडे बासरी, लान त्साइहकडे फुलांची टोपली, दरबारी वेशातल्या त्साव ग्वोज्यूकडे चिपळ्या. झांग ग्वोलाओकडे बांबूच्या नळीचं वाद्य, आणि तो गाढवावर उलटा बसतो. या वस्तू इतक्या ओळखीच्या आहेत की पुष्कळ भांड्यांवर माणसं न काढता फक्त वस्तूच रंगवतात.

म्हणून रिकामी मूठ ही मोठी खोट. बारीक वस्तू आणि बोटंच आधी तुटतात. मुठीत आरपार भोक असेल तर तिथे काहीतरी होतं, हे नक्की. अतिनील टॉर्च मारून पाहा, डागडुजीचा रंग बहुधा वेगळा चमकतो.

प्राजक्त_सिंगापूर:
बुडाला इंग्रजीत 'चायना' असा ठसा आहे. म्हणजे जुनं समजायचं?

मातीकाम:
1890 च्या अमेरिकी जकात कायद्यामुळे 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं. ठसा खरा असेल तर मूर्ती त्यानंतरची, एवढंच. ठसे नंतरही मारता येतात. फुज्यान प्रांतातल्या देहुआच्या पांढऱ्या मूर्तींचा मिंग घराण्याच्या काळातला मूर्तिकार 'ह चाओझोंग', त्याचं नाव तर असंख्य नकलांवर आहे. नावावरून किंमत देऊ नका.

नीलमोहर:
तुम्ही सिंगापुरात आहात, तर आधी एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममधला देहुआचा संग्रह डोळे भरून पाहा. ती सायीसारखी झिलई एकदा पाहिली की दुकानातला फरक लगेच जाणवेल. तसंच कोणी चेहरा आणि हात झिलईविना असलेली मूर्ती दाखवली, तर ती बहुधा ग्वांगडोंगच्या शिवानची, म्हणजे पोर्सेलिन नव्हे. सुंदर असते, पण भाव वेगळा करा.

आणि माझं मत विचाराल तर अपुरा संच सोडा. पंचाहत्तरीसाठी एकटा शौशिंग घ्या, धड बोटांचा. विमानात हातातल्या पिशवीतूनच न्या, आणि उचलताना डोकं किंवा हात न धरता बुडाला आधार द्या.