क्लिनिकचं मार्केटिंग: सगळ्यांचं काम की एकाच्याच गळ्यात?

फिजिओवाली
आमची छोटी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस आहे, आम्ही दोघी पार्टनर, एक ज्युनिअर आणि रिसेप्शनला एकजण. गेली तीन वर्षं मार्केटिंग म्हणून जे काय आहे ते मीच करतेय, म्हणजे गुगलवरची माहिती, इन्स्टाच्या पोस्टी, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना जाऊन भेटणं, रिव्ह्यूंना उत्तरं. माझ्याकडे कसं आलं तर मला फोटो बरे काढता येतात, बास एवढंच! आता पार्टनर म्हणते "तुला आवडतं ना ते". अगं आवडायचं, पहिले सहा महिने. आता दिवसभर पेशंट बघून रात्री साडेदहाला मानेच्या व्यायामाचा व्हिडिओ एडिट करत बसते आणि माझीच मान धरते.

मागच्या महिन्यात मी आठवडाभर आजारी होते, तेव्हाच क्लिनिकची सकाळची वेळ बदलली आणि गुगलवर ती कुणी बदललीच नाही. एक आजोबा वॉकर घेऊन बंद दारापाशी पाऊण तास उभे. पार्टनर मलाच फोन करून विचारते, तू बदललं नाहीस का? पासवर्ड सगळ्यांकडे आहे हो!

माझं म्हणणं साधं आहे, पेशंट सगळ्यांकडे येतात तर ते आणायचं कामही सगळ्यांत वाटलं पाहिजे. पटतंय का कुणाला, की मीच उगाच चिडचिड करतेय?

दाढदुखी
जोरदार असहमत. आम्ही हे करून बसलोय. चौघांनी चार कामं वाटून घेतली, मीटिंग झाली, तक्ता केला, तो भिंतीवर पण लावला, आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छांची पोस्ट जूनपर्यंत तशीच सगळ्यात वर. बारभाईंचा कारभार सगळा. तुमचं आजोबांचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातंय, पासवर्ड सगळ्यांकडे होता म्हणूनच कुणी हात लावला नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल. काम एकाकडेच असू दे, फक्त त्याला त्याचा वेळ द्या आणि पैसे द्या. तुमची खरी तक्रार फुकट करावं लागतंय ही आहे, एकटीला करावं लागतंय ही नाही.

काउंटरवरून
मी रिसेप्शनला असते म्हणून बोलते. "वाटून घेऊ" म्हणजे काय होतं ते सांगू? डॉक्टर लोक आठ दिवस उत्साहात असतात आणि मग सगळं हळूच काउंटरवर येऊन पडतं. तू जरा पोस्ट टाक ना, तू जरा रिव्ह्यू माग ना. आणि त्याच वेळी फोन वाजतोय, समोर एक जण रिपोर्ट धरून उभा आहे, आतून बेल.

आणि खरं मार्केटिंग म्हणाल तर ते तोच फोन आहे. नवीन माणसाचा फोन उचलला गेला नाही तर तो परत करत नाही, दुसरीकडे लावतो. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर रकाने आखलेत, नवीन आलेल्याला विचारते आमच्याबद्दल कुठून कळलं आणि काडी मारते. ओळखीच्या पेशंटने सांगितलं हा रकाना भरून खाली ओघळतो, त्याखालोखाल दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलं, मग गुगल. इन्स्टाच्या रकान्यात अख्ख्या महिन्यात एक काडी, तीही आमच्या डॉक्टरांची मावसबहीण 😄

जुना_स्टेथो
मुळात हा विषयच चुकीचा वाटतो मला. हाताला गुण असला की पेशंट येतातच. डॉक्टरने व्हिडिओ कसले करायचे? बऱ्याच ठिकाणी तर जाहिरात करून पेशंट ओढणं हे आचारसंहितेतच बसत नाही.

दाढदुखी
सर, आदर ठेवून सांगतो, दाराची वेळ बरोबर लिहिणं ही जाहिरात नाही. हाताला गुण आहे हे आजोबांना कळायला आधी दार उघडं मिळायला नको का?

फिजिओवाली
@दाढदुखी फुकटवाला मुद्दा लागला जरा. पण पटला. तरी एक शंका, एकाकडेच दिलं आणि ते माणूस सोडून गेलं तर? आणि ऑर्थोंकडे जाऊन कुठल्या ऑपरेशननंतर किती दिवसांनी पेशंट पाठवा हे बोलायला फिजिओच लागते, बाहेरचा मार्केटिंगवाला काय बोलणार तिथे.

कानामात्रा
मी ऑडिओलॉजिस्ट. बाकी काहीही वाटा, रिव्ह्यूंची उत्तरं वाटू नका. आमच्या ज्युनिअरने एका एक-स्टारवाल्याला रागाच्या भरात लिहिलं, "तुम्हीच दोनदा अपॉइंटमेंट चुकवलीत आणि मशीन नीट घातलं नाहीत". झालं, तो माणूस आमचा पेशंट आहे आणि त्याला कमी ऐकू येतं हे आम्हीच जगजाहीर केलं! माफी मागून काढून टाकलं. २०१९ मध्ये अमेरिकेत एका डेंटल प्रॅक्टिसला याच पायी १०,००० डॉलर भरावे लागले होते, येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर उत्तर देताना पेशंटचं आडनाव आणि तब्येतीचा तपशील लिहिला म्हणून. पेशंटने स्वतःहून लिहिलं असलं तरी तो आपला पेशंट आहे याला आपण होकारही द्यायचा नाही. "आम्हाला फोन करा, बोलू" एवढंच, आणि ते एकाच माणसाने लिहायचं, तेही दुसऱ्या दिवशी.

नवाकोरा
आम्ही स्टाफला टार्गेट देणार आहोत, आणि रिव्ह्यू देणाऱ्या पेशंटला पुढच्या व्हिजिटला सूट. आपोआप सगळे कामाला लागतील.

कानामात्रा
अहो नका. सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, रिव्ह्यू उडवतात. आणि दुखऱ्या माणसाला बाहेर पडताना फोन पुढे करून पाच स्टार द्या म्हणणं, कसंतरीच वाटतं.

काउंटरवरून
+१. आणि ते टार्गेट कुणाच्या माथी येणार ते मला माहितीय.

फिजिओवाली
अपडेट. काल पार्टनरला हे सगळं वाचायला दिलं. आधी चेहरा पडला, मग हसली, मग "बारभाई कुणाला म्हणतोय तो" 😂 ठरलं असं की मंगळवारी दुपारचे दोन तास माझी अपॉइंटमेंट घ्यायची नाही, ते पेशंट ती बघणार. ऑर्थोंना भेटायला ती जाणार, बोलायला ती माझ्यापेक्षा बरी आहे हे मलाही मान्य आहे. वेळा बदलायचं काम आमच्या रिसेप्शनवालीकडे, पण आधी तिलाच विचारून, आणि त्या वेळेत फोन ज्युनिअर उचलणार. गुगलवर तिला तिच्या अकाउंटने मॅनेजर केलं, म्हणजे तो पासवर्डचा कागद ड्रॉवरमधून गेला एकदाचा. रिव्ह्यूंची उत्तरं फक्त मी, दुसऱ्या दिवशी.

इन्स्टावरून अजून भांडण चालू आहे.

दाढदुखी
बंद करा हो ते इन्स्टा.

काउंटरवरून
मग ती एक काडी पण गेली.