एक्सेलच्या सॉल्व्हरने महिन्याच्या किराण्यातून डाळ, दूध आणि सेव तिन्ही उडवली, माझं काय चुकलं?

मल्हारगंजचा_मुलगा

नमस्कार मंडळी, इंदूरला राहतो, घरात आम्ही पाच जण, आई-बाबा, मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी. खाण्यापिण्याचा खर्च महिन्याला 13 हजारांच्या वर चाललाय आणि एवढं करून बायकोचं हिमोग्लोबिन कमीच, म्हणून म्हटलं जरा शास्त्रशुद्ध करून बघू. कॉलेजात लिनियर प्रोग्रामिंग (दिलेल्या अटी पाळून खर्च कमीत कमी करायचं गणित) शिकलो होतो ते आठवलं, 42 पदार्थांची शीट केली, भाव सियागंज आणि चोइथराम मंडीचे, पोषणाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यातून. अटी सहा टाकल्या, कॅलरी, प्रोटीन, फॅट, लोह, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन सी, पाचही जणांची महिन्याची गरज एकत्र बेरीज करून, आणि एक्सेलमध्ये असं गणित सोडवणारं साधन असतं त्या सॉल्व्हरला सांगितलं की खर्च कमीत कमी कर.

उत्तर आलं ते असं: गहू 44 किलो, नाचणी 38 किलो, सोयाबीन तेल अडीच किलो, आवळे साडेचार किलो. बास! खर्च 4,060 रुपये. डाळ शून्य, दूध शून्य, भाजी शून्य. बाबांना दाखवलं तर म्हणाले, इंदूरात राहून सेव शून्य लिहिणाऱ्या मशीनला घरात ठेवू नकोस. फॉर्म्युले तीनदा तपासले, सगळे बरोबर आहेत. मग चुकलं कुठे?

सिम्प्लेक्स_आजोबा

भिया, काहीच चुकलेलं नाही, तू जे विचारलंस त्याचंच उत्तर दिलंय त्याने. लिनियर प्रोग्रामिंगचा स्वभावच असा की नुसत्या सहा अटी असतील तर सगळ्यात स्वस्त उत्तरात सहापेक्षा जास्त पदार्थ लागतच नाहीत, तू बेचाळीस टाक नाहीतर चारशे टाक. तुझ्याकडे प्रोटीन आणि लोह आपोआपच भरलं म्हणून चारच उरले.

हा किस्सा जुना आहे. जॉर्ज स्टिगलर नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, पुढे 1982 ला नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी 1945 मध्ये हाच प्रश्न मांडला, 77 पदार्थ आणि 9 पोषकं, एका माणसाचं वर्षभराचं खाणं स्वस्तात स्वस्त कितीला पडेल. 1939 च्या भावाने उत्तर आलं 39.93 डॉलर, आणि ताटात काय, तर गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला राजमासारखा घेवडा. ते त्यांनी अंदाजाने, हाताने काढलं होतं. मग 1947 मध्ये जॉर्ज डँझिग या अमेरिकन गणितज्ञाची सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे लिनियर प्रोग्रामिंगचं गणित सोडवायची रीत, आली तेव्हा तिची परीक्षा म्हणून हाच प्रश्न घेतला, नऊ कारकून टेबलावरची गणकयंत्रं घेऊन बसले, 120 माणूस-दिवस लागले, आणि उत्तर 39.69. म्हणजे स्टिगलर फक्त 24 सेंटने चुकले होते! तुझा लॅपटॉप ते डोळा मिटायच्या आत करतो.

आणि खुद्द डँझिग साहेबांनी पुढे स्वतःच्या डाएटसाठी मशीनला विचारलं तर त्याने पाचशे गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. ती मर्यादा घातली तर पुढच्या वेळी सूपच्या चौकोनी वड्या, रोज दोनशे. तेव्हा तुझी नाचणी लई बरी.

रामबागची_काकू

मला ते सिम्प्लेक्स वगैरे काही कळत नाही पण तीस वर्षं पाच-सात माणसांचं स्वयंपाकघर चालवलंय म्हणून बोलते. दादा, तू पाच जणांची बेरीज केलीस तिथेच घोळ आहे. बेरजेत लोह पूर्ण दिसतं पण ताटात कोणाच्या जातं? बायकांना दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, पुरुषांना 19, आणि भाजी तळाला गेल्यावर जेवायला बसते कोण? तुझ्या बायकोचं हिमोग्लोबिन कमी आहे ते शीटमुळे नाही वाढायचं. प्रत्येकाचा वेगळा रकाना कर, प्रत्येकाची गरज वेगळी भरली पाहिजे, आणि आधी रक्त तपासून डॉक्टरला दाखव, नुसत्या खाण्यावर सोडू नकोस.

आणि डाळ शून्य कशी चालेल रे? गव्हात लायसीन हा प्रोटीनचा घटक कमी असतो, तो डाळीतून येतो, म्हणून तर वरण-पोळी. पोषण संस्थेवालेच सांगतात की धान्य, डाळ आणि दूध 3:1:2.5 या प्रमाणात असलं की प्रोटीन चांगलं लागू पडतं. धान्यातलं लोह अंगी कमी लागतं, लिंबू किंवा आवळा त्याच जेवणात पाहिजे, नंतर नाही. तुझी शीट महिन्याची आहे म्हणून तिला हे दिसत नाही.

सिम्प्लेक्स_आजोबा

काकूंनी लाख बोललं. आता एक काम कर, सॉल्व्ह झाल्यावर तो सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (अट किंवा भाव जरा हलला तर उत्तर किती हलेल त्याचा तक्ता) विचारतो ना, तो काढ. लोक उत्तर बघतात आणि रिपोर्ट बंद करतात, खरा माल तिथेच असतो.

मल्हारगंजचा_मुलगा

काढला. कॅल्शियमसमोर शॅडो प्राइस (गरज एक मिलिग्रॅमने वाढवली तर वाढणारा खर्च) 0.0045 आहे, म्हणजे हजार मिलिग्रॅम साडेचार रुपयांना पडतंय असंच ना? आणि दुधासमोर रिड्यूस्ड कॉस्ट (भाव किती उतरला तर तो पदार्थ उत्तरात येईल तो आकडा) 47. मी लिटरला 62 देतो.

सिम्प्लेक्स_आजोबा

बरोबर वाचलंस. म्हणजे दूध लिटरला 15 रुपयांच्या आसपास उतरलं तरच हा हिशेब त्याला स्वतःहून घेईल, वरचे 47 तू चवीचे, सवयीचे आणि चहाचे देतोस. देऊ नकोस असं म्हणत नाही मी, पण किती देतोय ते कळलं पाहिजे. आता खालच्या-वरच्या मर्यादा घाल, नाचणी चार किलोच्या वर नको, डाळी सात किलोच्या खाली नको, दूध रोज दीड लिटर, भाज्या 35 किलो, पोहे तीन किलो. पोह्यांची मर्यादा हलवायची नाही, इंदूर आहे.

मल्हारगंजचा_मुलगा

चार दिवसांनी येतोय, सॉरी. प्रत्येकाचे वेगळे रकाने केले, सगळ्या पदार्थांना वरची मर्यादा घातली तर थेट म्हणाला फीजिबल सोल्यूशनच नाही, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळणारं उत्तरच नाही. अर्धा दिवस डोकं खाजवलं मग कळलं की नाचणी चार किलोवर आणल्यावर कॅल्शियमच भरेना, दूध पंचेचाळीस लिटर असूनसुद्धा. मग तीळ दीड किलो घेतले आणि राजगिऱ्याची पालेभाजी आठवरून चौदा किलो केली तेव्हा गाडी पुढे सरकली. एकूण आलं 8,900 च्या आसपास, चहा, मसाला, तूप आणि सेव वेगळी (सेवेला बाबांनी स्वतंत्र बजेट मंजूर करून घेतलंय). बायकोची तपासणी पण झाली, औषध चालू आहे. आई म्हणते तिळाची चटणी तर मी आधीपासूनच करते, तुमच्या कॉम्प्युटरने काय नवीन शोधलं. आता एकच अडकलंय, आवळे थंडी संपली की मिळत नाहीत, मे महिन्यात व्हिटॅमिन सी कशातून आणू, लिंबू तेव्हा सोन्याच्या भावाने असतं.

रामबागची_काकू

कैरी आहे की! आणि शेवग्याचा पाला, त्यात सी पण आहे आणि कॅल्शियम पण भरपूर. आमच्या मागच्या गल्लीत झाड आहे, मागितलं तर फुकट देतात.

सिम्प्लेक्स_आजोबा

पाल्याचा भाव शून्य टाकणार असशील तर वरची मर्यादा आधी टाक, नाहीतर हा त्यांचं झाड बोडकं करून ठेवेल.